वाघजाईच्या कोंडातले खडस

सुरय्या होडेकर बुरोंडीची. घर किनाऱ्याला इतकं लागून, की उधाणाच्या भरतीला अंगणातल्या माडांच्या बुंध्यांना फेस लागायचा. बाप जमाल होडेकर जन्मभर दर्यावर गेलेला, दोघे भाऊ आखातात, आणि ही धाकटी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलेली. पण समुद्रातल्या माशांत तिचं मन कधी रमलं नाही. तिला ओढ डोंगरातल्या पऱ्यांची. पावसात वाट मिळेल तिथून धावणारे आणि उन्हाळ्यात दगडांखाली दडून बसणारे ते ओढे पाहिले की ती चपला काढून पाण्यात उतरलीच म्हणून समजा. "दारात एवढा दर्या, नि हिला डबक्यातले मासे दिसतात," असं अब्बा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना चेहऱ्यावर कौतुकच असे.

या शिक्षणावर पोट कसं भरतं, ते तिला हळूहळू कळलं. धरण, बोगदा, बंदर, खाण, काहीही व्हायचं झालं की आधी तिथल्या जिवांवर काय परिणाम होईल ते तपासावं लागतं. तपासायला सल्लागार कंपनी असते, आणि त्या कंपनीचे पैसे भरतो तो खणणाराच. सुरय्या पुण्याच्या अशाच एका कंपनीत कंत्राटावर होती. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत तिने खाड्यांतले खेकडे पाहिले, धरणांखालचे मासे पाहिले. एक काम संपलं की दुसऱ्याची वाट बघायची. घरी लग्नाचा विषय निघायचा, कुवेतचं स्थळ यायचं आणि ती गमबूट पिशवीत कोंबून बाहेर पडायची.

धारेकोंडचं काम तिच्याकडे आलं ते जानेवारीत.

धारेकोंड अलोऱ्याच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याला. तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडून एकच रस्ता. त्या डोंगराच्या पोटातून एक वीज कंपनी बोगदा काढत होती. वर एक तलाव, खाली एक तलाव, आणि दोहोंमध्ये पाणी खालीवर फिरवून वीज करायची. बोगद्याचं तोंड गावाच्या रस्त्यावर आलं, म्हणून कंपनीने रस्त्यावर फाटक बसवलं. तेव्हापासून गावातल्या माणसाला स्वतःच्या गावात जायला पास दाखवावा लागे. संध्याकाळी सुरुंग उडायचे असले की फाटक बंद. बाहेरचा बाहेर, आतला आत. लग्नाचं वऱ्हाडसुद्धा एकदा तिथे ताटकळलं होतं.

गावाखाली देवराई होती. देवराईत वाघजाईचं देऊळ आणि देवळासमोर पऱ्याचा खोल डोह. कोकणात डोहाला कोंड म्हणतात, गावाचं नावही त्यावरूनच पडलेलं. त्या कोंडात खडस जातीचे मासे होते. पुस्तकात त्यांनाच महासीर म्हणतात. तांब्याच्या भांड्यासारखी अंगाला झाक, एकेक खवला मुलाच्या तळव्याएवढा. जुने मासे तर माणसाच्या मांडीएवढे. हे मासे देवीचे. गावातला कोणी त्यांना धरणार नाही, हातही लावणार नाही. पऱ्या उन्हाळ्यात वरखाली सगळा आटायचा, पण कोंड भरलेला असायचा, कारण त्याच्या मागच्या कपारीतून बारमाही झरा येत असे. बोगद्याला सरकारी परवानगी देताना एक अट घातली गेली होती: कोंडातल्या संरक्षित माशांना धक्का लागता कामा नये, लागला तर काम थांबेल. ही अट पाळली जाते की नाही, ते पाहायला सुरय्या आली होती.

कंपनीच्या वसाहतीत तिला खोली मिळणार होती. पण तिला कोंडाजवळ राहायचं होतं. गावात मुसलमान पोरीला, त्यातून कंपनीच्या पोरीला, खोली कोण देणार? दिली ती देवळाचे गुरव भिकाजी यांनी. खरं तर त्यांच्या बायकोने, जनीने.

"तुमी कंपनीच्या ना?" जनीने दारातच विचारलं.

"कंपनीची नाही. कंपनीचं काम तपासणाऱ्यांची."

"पगार कोन देतो?"

सुरय्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. जनी हसली. "असू दे. माझा संदेश पन त्यांच्याकडंच हाय, टँकरवर. या आत. वाईच चा घ्या."

अशी ती तिथे राहिली. सकाळी भिकाजी पूजा आटोपून कोंडाच्या दगडावर बसत आणि भाताची शितं टाकत. पाण्याखालून सावल्या वर येत, मोठी तोंडं उघडत, आणि पाणी क्षणभर उकळल्यासारखं होई. सुरय्या शेजारी बसून टिपणं करी. भिकाजी मितभाषी. दोघं तासन्‌तास एक शब्दही न बोलता बसत, आणि दोघांनाही ते बरं वाटे.

पुण्याहून आलेला तपासणीचा आराखडा मात्र तिला चमत्कारिक वाटला होता. तिचे साहेब, दीपकसर, यांनी बरीच वर्षं विदर्भात भूमिगत कोळसा खाणींची कामं केली होती. वरून नदी वाहते, खालून कोळसा काढतात, तर माशांचं काय होतं, हा त्यांचा विषय. तोच आराखडा त्यांनी इथे लावला. पाण्यात कोळशाची भुकटी किती, जमीन कुठे खचली, मेलेले मासे किती. ज्या डोंगरात कोळशाचा खडा नाही तिथे सुरय्या कोळशाच्या रकान्यात रेघ ओढत होती. झऱ्याला रकानाच नव्हता.

फेब्रुवारीच्या मध्याला संदेश जेवताना म्हणाला, "आत पाऊस लागलाय."

"कुठं आत?" जनीने विचारलं.

"बोगद्यात. छतातून धारा लागल्यात नुसत्या. पंप लावून पानी पलीकडच्या तोंडातून भायर काडतायत. गार पानी, आये. पिऊन बघितलं. आपल्या कपारीसारखं गोड."

संदेश तिशीच्या आतला. आधी मुंबईत खानावळीत राबलेला, बायकोपोराला सोडून राहिलेला. कंपनी आली तेव्हा गावातच काम मिळालं म्हणून त्याने देवीला नारळ फोडला होता. तो हे अगदी सहज बोलून गेला. पण सुरय्याचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने कपारीशी हात धरला. धार बारीक झाली होती. आठवड्याने आणखी बारीक. तिने संदेशकडून बोगद्यातलं पाणी बाटलीत मागवून घेतलं, झऱ्याचं घेतलं, दोन्ही तपासली. फरक काढता येईना. तिने दीपकसरांना फोन लावला.

"सर, झरा बोगद्यात उतरतोय. कोंड आटणार."

"मासे मेलेत का?"

"अजून नाही."

"मग परिणाम काय लिहिणार आहेस? हे बघ सुरय्या, पाणी कुठून कुठे जातं, ते भूजलवाल्यांचं काम. आपलं काम मासे. मासे आहेत ना? मग आहेत म्हणून लिही."

"मरेपर्यंत थांबायचं का?"

"असं मी म्हटलेलं नाही," ते थंडपणे म्हणाले. "आणि गावात फार बोलू नकोस. तुझ्या करारात काय आहे ते वाच एकदा."

तिला वाचायची गरज नव्हती. जे दिसेल ते कंपनीचं, बाहेर बोलायची मुभा नाही, हे प्रत्येक करारात असतं. ते मोडलं की हे काम तर जातंच, शिवाय या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

शिमग्याची पालखी नाचून गेली आणि कोंडाने तळ दाखवायला सुरुवात केली. काठाचे दगड उघडे पडले. मासे मधल्या खोलगटात गोळा झाले. ऊन चढलं की ते पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळत. भिकाजींनी शितं टाकणं बंद केलं. उरलेलं अन्न सडलं तर पाणी आणखी बिघडेल, हे सुरय्यानेच त्यांना सांगितलं होतं. तरी ते रोज दगडावर येऊन बसत, रिकाम्या हातांनी.

तेव्हा सुरय्याच्या डोक्यात एक कल्पना आली. रस्त्यावरची धूळ बसवायला संदेशचा टँकर बोगद्यातलंच पाणी मारत फिरत होता. ते पाणी कोंडात सोडलं तर? तिने फाटकावरच्या अधिकाऱ्याला विचारलं, आणि नवल म्हणजे दुपारपर्यंत होकार आला. संध्याकाळच्या आत टँकर देवराईच्या कडेला उभा राहिला, जाड पाइपातून पाणी कोंडात कोसळलं, आणि खडस त्या फेसात असे उसळले, की जनीने दोन्ही हात जोडले. "पोरी, देवीनं पाठवलं तुला," ती म्हणाली. सुरय्याला त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. मग टँकर रोजच येऊ लागला.

चूक कुठे झाली, ते तिला महिनाअखेरीला कळलं. दीपकसरांनी अहवालाचा मसुदा पाठवला. त्यात होतं: कोंडातली पातळी कायम, एकही मासा दगावलेला नाही, परिणाम नगण्य. खबरदारीचा उपाय म्हणून कंपनी स्वखर्चाने टँकर पुरवते. शेजारी भरल्या कोंडाचा फोटो, सुरय्यानेच काढलेला.

ती तशीच कपारीकडे गेली. धार बंद पडली होती. दगडावरचं शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते. म्हणजे आता झरा नव्हताच. होता तो टँकर. उद्या कंपनीने पाठवला नाही, गाडी बिघडली, बोगदा पुरा होऊन सगळे निघून गेले, की कोंड संपला. आणि ही सोय तिनेच करून दिली होती. मासे वाचवले म्हणून पुरावा बुडाला. पुरावा हवा असता तर मासे मरू द्यावे लागले असते.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाजात गोडवा होता. "कंपनी तुझ्यावर खूश आहे. इथे माशांच्या देखरेखीला कायमचा माणूस हवाय त्यांना. तुझं नाव सुचवलंय मी. तुला कायम नोकरी हवी होती ना?"

हवी तर होतीच. कळवते म्हणून तिने फोन ठेवला. खिडकीतून फाटकाचा दांडा दिसत होता. सुरुंगाची वेळ झाली होती, दांडा खाली आला होता. सुरय्याला एकदम श्वास कमी पडल्यासारखं झालं. अंगणात आली तरी तसंच. पाणवठ्यापर्यंत चालत गेली तरी तसंच. पुढे जायला वाट नव्हती.

तपासणीला सरकारी समिती येणार, हे ठरलेलंच होतं. एप्रिलात, रामनवमीनंतर. समिती कोंड पाहणार, भरलेला दिसणार, मासे दिसणार, आणि अट पाळली गेली म्हणून शेरा मारून जाणार. सुरय्याने दोन दिवस हे पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी जनीच्या ओसरीवर तिने करार मोडला. सगळं सांगून टाकलं.

भिकाजी ऐकत होते. जनी तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"मग करायचं काय?" जनीने विचारलं.

"समिती येईल त्या दिवशी टँकर यायला नको. एक दिवस. कोंड खरा कसा आहे, तो त्यांना दिसू दे. एका दिवसात मासे मरणार नाहीत."

"खात्रीनं सांगताव?" हे भिकाजींनी विचारलं.

सुरय्याने खाली पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

संदेश दाराशी उभा होता. तो भडकला. "टँकर माझा हाय. थांबवला तर मला काडतील. मग मी काय करू, परत मुंबई? ताई, तुमी उद्या जाल पुन्याला. आमाला हितंच ऱ्हायचंय."

त्याचं चूक नव्हतं. सुरय्याला त्याच्याशी भांडता येईना. गावकीची बैठक बसली तेव्हाही हेच झालं. निम्म्या घरांतलं माणूस कंपनीत होतं. कोणी म्हणालं, देवी बघून घेईल. कोणी म्हणालं, ही पोरगी आपल्यात आग लावते. शेवटी ठरलं, की देवीला कौल लावायचा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भिकाजींनी आंघोळ करून कळ्या लावल्या आणि सारा गाव गाभाऱ्याकडे डोळे लावून बसला. सकाळ सरली, ऊन पायरीवर आलं. एकही कळी पडली नाही. दोन्ही तिथेच सुकल्या.

"देवी गप्प हाय," भिकाजी बाहेर येऊन म्हणाले. "म्हंजे आपलं आपन बघायचं."

समितीच्या दिवशी पहाटेच जनी उठली, शेजारच्या बायकांना हाका मारल्या आणि देवराईच्या वाटेवर आडवी जाऊन बसली. गावातल्या पुरुषांनी नोकरीच्या भीतीने तोंड लपवलं, पण बायकांना कंपनीने कुठे कामावर ठेवलं होतं? टँकर आला. चालवत होता संदेश. समोर आई.

"आये, ऊठ."

"नाय."

"माझी नोकरी जाईल गो."

"ठावं हाय मला," जनी म्हणाली आणि पदर नीट करून बसली.

संदेशने गाडी बंद केली. उतरला, फणसाखाली जाऊन पाठ करून बसला.

आदल्या संध्याकाळपासून कोंडात पाणी पडलं नव्हतं. दहाच्या सुमाराला समिती यायची होती. अकरा वाजले. बारा वाजले. फाटकावरून निरोप आला, की पाहुणे आधी डोंगरापलीकडचं तोंड बघायला गेले, तिथेच जेवण आहे, इकडे उशीर होईल. कदाचित उद्याच.

सुरय्या कोंडाकडे धावली. पाणी तळाच्या भेगांतून झिरपत गुडघ्याखाली आलं होतं, कोमट झालं होतं. मासे एकमेकांवर चढत होते, पाठी उघड्या पडल्या होत्या. कल्ले भराभर हलत होते. दोन लहान मासे उलटे तरंगत होते. भिकाजी दगडावर बसले होते, पण त्यांचं तोंड देवळाकडे होतं. त्यांना बघवत नव्हतं.

फोन वाजला. दीपकसर. त्यांना सगळं कळलं होतं. "आत्ताच्या आत्ता टँकर आत सोड. मासे मेले तर ते बोगद्याने मेले नाहीत, तू मारलेस, असं मी लिहीन. आणि ते खरंच असेल."

तेच तर होतं. ते खरंच असणार होतं. तीस पावलांवर पाण्याने भरलेला टँकर उभा होता. तो सोडला तर कोंड भरणार, संध्याकाळी किंवा उद्या साहेब येणार, सुंदर म्हणणार आणि जाणार. नाही सोडला तर मासे तिच्या डोळ्यांदेखत जाणार. ती बायकांकडे धावली. "सोडा! सोडा टँकर!"

जनी उठली नाही. "आता? सकाळधरनं पोराची नोकरी मांडीवर घेऊन बसलेय मी. ती वाया घालवू?"

सुरय्या रस्त्यातच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. किती तरी वर्षांत अशी रडली नव्हती. आणि रडता रडता तिला होडीवरचे अब्बा दिसले. गळाला लावायचे जिवंत मासे ते बादलीत ठेवत. मासे मलूल झाले की पाणी बदलत नसत. तेच पाणी तांब्याने उचलून वरून बादलीत ओतत राहत. उंचावरून पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा आत जाते.

ती ताडकन उठली. "कोंड भरायचा नाही. पाणी फक्त वरून ओतत राहायचं. त्यांना पाणी कमी पडत नाहीये, श्वास कमी पडतोय! हंडे आणा, कळश्या आणा!"

बायकांना सगळं समजलं असेल असं नाही, पण हंडे आले. रांग लागली. कोंडातलंच पाणी उचलायचं, खडकावर उभ्या असलेल्या बाईच्या हाती द्यायचं, तिने उंचावरून पुन्हा कोंडात सोडायचं. पाणी फार तापलं तेव्हा जनीने पोराला हाक मारली. "संदेश! हे टँकराचं पानी वाईच गार करायपुरतं देतोस का, का तितंच बसनार?" तो काही क्षण हलला नाही. मग उठला, टँकरची मागची तोटी सोडली आणि स्वतः पहिली कळशी भरून आणली. पुरुष एकेक करून घरांतून बाहेर आले. कोणी पळसाच्या फांद्या तोडून कोंडावर सावली धरली. ज्यांनी सुरय्याला आग लावणारी म्हटलं होतं, ते तिच्या हातातून हंडे घेत होते.

सगळ्यांत मोठी मादी कपारीच्या तोंडाशी कुशीवर पडली होती. जिथून झरा यायचा तिथेच तोंड लावून. गावच्या माणसांना तिला हात लावायचा नव्हता. सुरय्याने भिकाजींकडे पाहिलं. "आमची मनाई आमाला," ते म्हणाले. "तुला कोनी नाय म्हटलेलं नाय." ती पाण्यात उतरली, ओढणी भिजवून तिच्यात मादीला तोललं आणि कळशीच्या धारेखाली सरळ धरून ठेवलं. माशाचं वजन तिच्या दंडांना ओढत होतं. कल्ले हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते.

उन्हं कलल्यावर समिती आली. फाटकापासून कंपनीचे लोक सोबत होते, टँकर न पोचल्याची काहीतरी सबब सांगत होते. समितीतल्या बाई पुढे आल्या आणि चिखलातून थेट कोंडाच्या काठापर्यंत उतरल्या. त्यांनी वाळलेली कपार पाहिली, हंड्यांची रांग पाहिली, पाण्यात उभी असलेली सुरय्या पाहिली.

"तुम्ही कोण?"

"मी सल्लागार कंपनीची," सुरय्या म्हणाली. हातांतली मादी तिने सोडली नव्हती. "परिणाम तपासायला नेमलेली. हा परिणाम आहे, मॅडम. हे टँकरचं पाणी पण याच झऱ्याचं आहे. बोगद्यातून काढलेलं. दोन्ही पाणी तपासून बघा."

बाईंनी दोन्हीकडचं पाणी भरून घेतलं. जाताना एवढंच म्हणाल्या, की कपडे बदला, आजारी पडाल.

मोठी मादी दिवेलागणीला गेली. सुरय्याच्या हातातच. बाकीचे बहुतेक वाचले. भिकाजींनी मादीला देवराईत पुरलं आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. बोगद्याचा तो भाग थांबवण्याचा हुकूम आला. गळती सिमेंटने बंद करा, झरा परत आणा, मगच पुढे खणा, असं त्यात होतं. पावसाळ्यानंतर कपार पुन्हा वाहायला लागली, पण पूर्वीची मांडीएवढी धार आता मनगटाएवढी. काम काही महिन्यांनी परत सुरू झालं. मधल्या काळात गावातल्या निम्म्या कामगारांना घरी बसवलं गेलं. संदेशला परत घेतलंच नाही. तो मुंबईला गेला. जाताना सुरय्याशी बोलला नाही. जनी म्हणाली, बोलेल कधीतरी. पण तिचाही आवाज पूर्वीचा राहिला नव्हता.

सुरय्याचा करार संपवला गेला. ती बुरोंडीला परत आली. गुहागरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवलं, मग तेही सुटलं. रात्री कधी दचकून उठली की दंडांवर तेच वजन असल्यासारखं वाटे. मासे वाचवले म्हणून लोक कौतुक करत, तेव्हा तिला ती मादी आठवे. त्या सकाळी टँकर अडवला नसता तर ती जगली असती. पण मग बाकीचे उरले असते का, या प्रश्नाशी ती रोज येऊन थांबे आणि रोज तिथूनच परत फिरे.

दिवाळीनंतर एका दुसऱ्या सल्लागार कंपनीचा फोन आला. कुठेतरी खाडीत बंदर होणार होतं, तिथली चिखलातली शिंपली तपासायची होती. धारेकोंडचं त्यांना ठाऊक होतं. तरी बोलावत होते, की त्यासाठीच बोलावत होते, ते कळेना. तिने विचार करायला वेळ मागितला आणि अब्बांजवळ ओट्यावर जाऊन बसली. ते जाळं विणत होते. गुडघ्यांमुळे होडी सुटली होती, पण हात थांबत नव्हते.

"पुन्हा त्याच लोकांकडं जाणार?" त्यांनी विचारलं.

"तीच माणसं नाहीत, अब्बा. दुसरी आहेत."

"पैसा तोच ना? खणणाऱ्याचा?"

"तोच. दुसरा कोण देतो?"

अब्बांनी एक गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली, पुन्हा मारली.

"जाऊ नको म्हणालो तर?"

"तर मासे बघायला कोणीतरी दुसरं जाईल," सुरय्या म्हणाली. "कदाचित कोणी बघणारच नाही."

अब्बा पुन्हा जाळ्याकडे वळले. ती आत गेली. गमबूट धुऊन पडवीत उलटे वाळत ठेवले होते, ते तिने घेतले, आणि फोन लावून कधी यायचं ते विचारलं.